मनाचे उपचार : रुग्णास परवडावेत, समुपदेशकासही टिकावेत

सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर बसलेल्या रांगेकडे नीट पाहिले, तर ताप-खोकल्याच्या रुग्णांमध्ये एक-दोन चेहरे निराळे आढळतात. डोके जड होते, रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडते, कामात मन रमत नाही, अशी त्यांची तक्रार असते. रक्त तपासले जाते, रक्तदाब पाहिला जातो, शक्तीच्या गोळ्या दिल्या जातात आणि पंधरा दिवसांनी तोच रुग्ण तीच तक्रार घेऊन पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतो. दुखणे खरे असते. परंतु त्याचे मूळ शरीरात नसून मनात असते आणि मनाचे दुखणे सांगण्यास वेळ लागतो. बाहेर पन्नास रुग्ण ताटकळत असताना डॉक्टरांपाशी नेमका तोच वेळ नसतो.

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजेच निम्हान्सने, २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. गुजरात व मध्य प्रदेश ही राज्येही त्यात होती. अठरा वर्षांवरील दर शंभर व्यक्तींपैकी सुमारे दहा ते अकरा व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, असे त्यात दिसून आले. त्याहूनही चिंतेची बाब म्हणजे नैराश्याने ग्रासलेल्या शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते.

असे का व्हावे? लाज, अज्ञान आणि तज्ज्ञांची वाण ही कारणे सर्वांस परिचित आहेत. चौथे कारण पैशाचे आहे आणि त्याचा विचार बहुधा एकाच बाजूने होतो. समुपदेशकाची फी अधिक आहे, ती कमी व्हावी, एवढेच म्हटले जाते. फी कमी केल्यास समुपदेशकाचे घर कसे चालावे, आणि ते न चालल्यास पुढील वर्षी त्या गावात समुपदेशक उरेल काय, हा प्रश्न विचारला जात नाही. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. रुग्णास परवडणारा परंतु देणाऱ्यास न परवडणारा उपचार फार काळ चालत नाही. आणि देणाऱ्यास परवडणारा परंतु रुग्णास न पेलणारा उपचार गावापर्यंत पोहोचतच नाही.

रुग्णाचा हिशेब

मनाच्या उपचारात औषधांखेरीज संभाषणाचा भाग मोठा असतो. समुपदेशक व रुग्ण ठरावीक वेळी एकत्र बसतात. अशा एका भेटीस 'बैठक' म्हणण्याचा प्रघात आहे. एका बैठकीने काम भागत नाही, साधारणतः सहा ते आठ बैठका लागतात. येथेच खर्चाचे गणित सुरू होते.

उदाहरणादाखल एका शेतमजुराचा हिशेब मांडून पाहू. शहरातील समुपदेशकाने दया दाखवून त्याच्याकडून बैठकीमागे केवळ दोनशे रुपये घेतले असे समजू. परंतु बैठकीचा दिवस म्हणजे बुडालेला रोज, तो पाचशे रुपये. जाण्यायेण्याचे बसभाडे ऐंशी रुपये. म्हणजे एक बैठक दोनशेस नव्हे तर सातशे ऐंशी रुपयांस पडली. आठ बैठकांचे होतात सहा हजार दोनशे चाळीस रुपये, आणि त्यांतील फी अवघी सोळाशे! समुपदेशकाने एक पैसाही घेतला नाही, तरी चार हजार सहाशे चाळीस रुपयांचा भुर्दंड त्या मजुरावर पडतोच. त्यामुळे दुसऱ्या वा तिसऱ्या बैठकीनंतर तो येईनासा होतो आणि 'याला बरे व्हायचेच नाही' असा ठपका त्याच्यावर येतो.

यावरून ध्यानात येईल की, फी हा खर्चाचा एक भाग आहे, संपूर्ण खर्च नव्हे. हाच उपचार मजुराच्या गावी, सायंकाळी कामावरून परतल्यावर मिळाला, तर फी न घटवताही त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश खर्च वाचतो. उपचार स्वस्त करण्याचा पहिला मार्ग अंतर कमी करणे हा आहे. दुसरा, बैठकांची संख्या आधीच ठरवून ती मर्यादित ठेवणे हा आहे. फीचा क्रम त्यानंतर येतो.

समुपदेशकाचा हिशेब

आता दुसरी बाजू पाहू. तालुक्याच्या गावी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका प्रशिक्षित समुपदेशिकेचा हिशेब, पुन्हा केवळ उदाहरणादाखल, असा मांडता येईल. खोलीचे भाडे आठ हजार रुपये. आपले काम अनुभवी तज्ज्ञाकडून तपासून घेण्याचा, म्हणजे पर्यवेक्षणाचा खर्च चार हजार. वीज, दूरध्वनी, प्रवास व पुस्तके तीन हजार. आणि घरखर्चास चाळीस हजार. एकूण महिन्यास पंचावन्न हजार रुपये.

ती आठवड्यास किती बैठका घेऊ शकेल? दुसऱ्याचे दुःख तासभर एकाग्रतेने ऐकणे हे श्रमाचे काम आहे. नोंदी ठेवणे, तयारी करणे व नातेवाइकांशी बोलणे यांचाही वेळ त्यात धरावा लागतो. दिवसाला चार व आठवड्याला वीस बैठका, आणि सण, आजारपण व रजा वजा जाता वर्षाला शेहेचाळीस आठवडे, असे धरल्यास नऊशे वीस बैठका होतात. त्यांपैकी शेकडा पंधरा बैठकांना रुग्ण येऊ शकत नाहीत असे मानल्यास सुमारे सातशे ऐंशी उरतात. म्हणजे महिन्यास पासष्ट. पंचावन्न हजारांस पासष्टने भागले असता एका बैठकीस सरासरी साडेआठशे रुपये पडतात.

हा आकडा ऐकून गावातील माणूस दचकेल. परंतु त्यात नफेखोरी नाही. उपाय आहे तो ऐपतीनुसार फी आकारण्याचा. पासष्टांपैकी पंचवीस बैठका सुस्थितीतील रुग्णांच्या, प्रत्येकी चौदाशे रुपयांच्या. पंचवीस मध्यम परिस्थितीतील रुग्णांच्या, प्रत्येकी सातशेच्या. आणि पंधरा गरजूंच्या, प्रत्येकी दोनशेच्या ठेवल्या, तर एकूण पंचावन्न हजार पाचशे रुपये जमतात व हिशेब जुळतो.

यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, सवलतीच्या जागांची संख्या आधी ठरवावी लागते. कनवाळूपणाने पंधराच्या तीस जागा केल्या आणि त्या पूर्ण फीच्या जागांतून घेतल्या, तर जमा साडेसदतीस हजारांवर येते. पंधरा हजार व्यवसायखर्च वजा जाता घरी साडेबावीस हजारच जातात. मग पहिली काटछाट होते ती पर्यवेक्षणात, दुसरी विश्रांतीत. बैठका दिवसाला चाराच्या सात होतात, ऐकणाऱ्याचे कान थकतात आणि वर्षा-दोन वर्षांत समुपदेशिका दुसरी नोकरी शोधते. तिच्या तीस गरजू रुग्णांना मग कोणीच उरत नाही. मर्यादा पाळणे म्हणजे निष्ठुरपणा नव्हे. तीच सेवेच्या आयुष्याची हमी आहे.

तथापि, ही पद्धत जेथे सुस्थितीतील रुग्ण आहेत तेथेच चालते. पणजी, मडगाव, बेळगाव, इंदूर वा वडोदरा यांसारख्या शहरांत ती शक्य आहे. ज्या गावात बहुतेक सर्वच रुग्ण दोनशे रुपयांच्या वर्गातील आहेत, तेथे श्रीमंताच्या फीतून गरिबाचा उपचार करणे शक्य नाही. तेथे निराळी व्यवस्था हवी. तिचा एक अभ्यासपूर्ण नमुना गोव्याच्या भूमीत तयार झाला आहे.

गोव्यातील प्रयोग

१९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या 'संगात' या संस्थेने मानसिक आरोग्याच्या कामात एक धाडसी विचार पुढे आणला. तज्ज्ञ कमी आहेत, तेव्हा तज्ज्ञांच्या कामाचे भाग पाडावेत आणि त्यांतील जो भाग शिकवता येतो तो स्थानिक, सुशिक्षित, परंतु या विषयाची पदवी नसलेल्या व्यक्तींना शिकवावा, असा तो विचार होता.

त्यावर आधारलेल्या 'मानस' या प्रयोगात बारा शासकीय प्राथमिक आरोग्य केंद्रे व बारा खाजगी डॉक्टरांचे दवाखाने समाविष्ट होते. प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक, तेथील डॉक्टर आणि वेळोवेळी सल्ला देणारे मनोविकारतज्ज्ञ अशी तिघांची साखळी उभारण्यात आली. सौम्य त्रास असलेल्यास माहिती व सल्ला, त्याहून अधिक त्रास असल्यास औषध किंवा समुपदेशन, आणि तरीही गुण न आल्यास तज्ज्ञाकडे रवानगी, अशा पायऱ्या ठरवण्यात आल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शासकीय केंद्रांतील निदान झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी शेकडा ६५.९ बरे झाले होते. जेथे ही व्यवस्था नव्हती त्या केंद्रांत हे प्रमाण ४२.५ होते. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही; तेथे दोन्ही गटांतील बहुतेक रुग्ण बरे झाले होते. ज्या ठिकाणी समुपदेशकाची उणीव अधिक, त्याच ठिकाणी त्याचा उपयोग अधिक, असा बोध यातून घेता येतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्थिक विश्लेषणात शासकीय केंद्रांतील ही पद्धत अधिक गुणकारी असूनही एकूण खर्चाने महाग ठरली नाही.

पुढचा टप्पा तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी होता. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, आठवड्यास एक याप्रमाणे सहा ते आठ बैठकांचा छोटा उपचार देण्यात आला. एक बैठक तीस ते चाळीस मिनिटांची. ती आरोग्य केंद्रात वा रुग्णाच्या घरी होई. उपचाराचे तत्त्व साधे होते. मन खचले की माणूस कामे सोडतो, माणसांत मिसळणे टाळतो. त्यामुळे मन आणखी खचते. हे चक्र उलटवण्यासाठी समुपदेशक रुग्णाबरोबर बसून लहान लहान कामे ठरवतो. अंगणात फेरी मारणे, सोडून दिलेले शिवणकाम पुन्हा हाती घेणे, शेजारणीकडे जाऊन येणे यांसारखी ही कामे असू शकतात. पुढील बैठकीत काय जमले, काय अडले, याचा आढावा घेतला जातो. २०१६-१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, तीन महिन्यांनी या उपचाराच्या गटातील शेकडा ६४ रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. हा उपचार न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ होते. वर्षअखेरीसही हा लाभ टिकून असल्याचे आढळले. घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी एक ते चार बैठकांचा असाच उपचार तयार करण्यात आला. तेथे तीन महिन्यांनी शेकडा ३६ विरुद्ध २६ असा फरक दिसला. हा लाभ तुलनेने लहान आहे. व्यसनाशी झगडा किती चिवट असतो, हेच त्यावरून कळते.

खर्च कशाने घटला?

या प्रयोगांत कोणाच्या पोटास चिमटा घेऊन खर्च घटवलेला नाही, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. तो घटला तो पुढील कारणांमुळे.

पहिले कारण, उपचार रुग्णाच्या गावाजवळ आला. दुसरे, बैठकांची संख्या निश्चित होती. रुग्णास शेवट कोठे आहे हे ठाऊक होते आणि समुपदेशकास पुढचा रुग्ण केव्हा घेता येईल हे ठाऊक होते. तिसरे, तज्ज्ञाचा मोलाचा वेळ प्रत्येक रुग्णावर खर्च न होता, शिकवण्यावर आणि गुंतागुंतीच्या रुग्णांवर खर्च झाला.

चौथे कारण सर्वांत मोलाचे आहे. समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन वाऱ्यावर सोडण्यात आले नाही. बैठकांचे ध्वनिमुद्रण करून समुपदेशक गटाने ते ऐकत व ठरलेल्या कसोट्यांवर परस्परांच्या कामास गुण देत. आरंभी तज्ज्ञ सोबत असत. पुढे हे पर्यवेक्षण समुपदेशक आपापसांत चालवू लागले. त्यामुळे पर्यवेक्षण स्वस्त झाले आणि दुसऱ्यांची दुःखे ऐकून स्वतःचे मन जड झालेल्या समुपदेशकासही मन मोकळे करण्यास हक्काची जागा मिळाली.

आणखी एक बारकावा शिक्षकांनी व आरोग्यसेवकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. या कामात 'मनोरुग्ण' हा शब्द टाळून 'टेन्शन', 'चिंता' हे लोकांच्या तोंडचेच शब्द वापरण्यात आले. शब्द बदलल्याने दुखणे बदलत नाही. परंतु दार उघडते.

मोफत सेवेची मर्यादा

तर मग हे काम स्वयंसेवकांनी विनामूल्य का करू नये, असे कोणी विचारील. काही अंशी ते करता येते. पुण्याच्या 'इंडियन लॉ सोसायटी'च्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने नाशिक जिल्ह्यातील गावांत सुरू केलेला व पुढे गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात विस्तारलेला 'आत्मीयता' हा उपक्रम गावातीलच विश्वासू स्वयंसेवकांवर उभा आहे. हे स्वयंसेवक त्रस्त व्यक्तीस ओळखतात, तिच्याशी चार-सहा भेटींत बोलतात, गंभीर रुग्णास पुढे पाठवतात आणि शासकीय योजनांचा लाभ मिळवून देण्यास साहाय्य करतात. अनेकदा अडलेले निवृत्तिवेतन हेच मनस्तापाचे मूळ असते; तेव्हा हे साहाय्यही उपचारच ठरते.

परंतु स्वयंसेवक आपल्या शेतीतून, संसारातून वेळ काढतो. शेजाऱ्याने आठवड्यातून दोन तास देणे निराळे आणि आरोग्य केंद्रात रोज बसून तीव्र नैराश्याचे रुग्ण सांभाळणे निराळे. दुसऱ्या कामास नियमित वेतन, ठरलेली रुग्णसंख्या आणि पर्यवेक्षण ही तिन्ही हवीत. सेवाभावाच्या नावाखाली ती नाकारली, तर प्रशिक्षित माणसे निघून जातात आणि प्रशिक्षणावर झालेला खर्च वाया जातो. प्रकल्पाच्या निधीवर चालणारे पद निधीबरोबर संपते. जे पद आरोग्य खात्याच्या नियमित अंदाजपत्रकात असते तेच टिकते.

कायदा व उपलब्ध सोयी

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात आलेल्या अनुभवाच्या आधारे १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आखण्यात आला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला व २०१८ मध्ये अंमलात आला. या कायद्याने शासनाने चालवलेल्या वा शासनाच्या निधीवर चालणाऱ्या सेवांतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस, तसेच निराधार वा बेघर व्यक्तीस हे उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीजवळ तसे कार्ड नसले तरी हा हक्क बाधित होत नाही. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासही विमा कंपन्यांनी संरक्षण द्यावे, असेही कलम त्यात आहे. मात्र अनेक विमापत्रे प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतात. बाहेरून घेतलेल्या समुपदेशनाच्या बैठका त्यांत येतात की नाही, हे विमा घेतेवेळीच विचारून घ्यावे.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. वर वर्णिलेल्या गोव्यातील 'मानस' प्रयोगाहून ती निराळी आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनाशुल्क बोलता येते. मराठीतूनही बोलता येते. ज्याचा रोज बुडतो, ज्याला बसभाडे परवडत नाही, त्याच्यासाठी अंतर शून्यावर आणणारी ही सोय आहे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखवले, तर ते बोलणे थट्टेवारी न नेता त्या व्यक्तीस एकटे न सोडता तत्काळ दूरध्वनी करावा व जवळच्या रुग्णालयात न्यावे. गोव्यात बांबोळी येथील मनोरुग्णोपचार व मानवी वर्तन संस्थेत तज्ज्ञ उपचारांची सोय आहे.

प्रत्येकाचा वाटा

या कामी प्रत्येकास काही ना काही करता येण्याजोगे आहे.

पंचायतीने समुपदेशनासाठी आठवड्यातील दोन सायंकाळी एक बंद दार असलेली खोली विनाभाडे उपलब्ध करून द्यावी. वर मांडलेल्या हिशेबात भाड्याचे आठ हजार रुपये होते. त्यांतील जेवढे वाचतील तेवढ्या सवलतीच्या जागा वाढवता येतील. शिक्षकांनी अचानक अबोल झालेला वा शाळा चुकवू लागलेला विद्यार्थी दिसताच पालकांना भेटावे व योग्य ठिकाणाची माहिती द्यावी. स्वतः उपचारक बनण्याचा प्रयत्न मात्र करू नये. आरोग्य अधिकाऱ्यांनी समुपदेशकास आकडेवारी भरण्याच्या वा इतर कामास न जुंपता त्याचा बैठकांचा वेळ राखून ठेवावा, आणि पर्यवेक्षणाचा दिवस हा कामाचाच दिवस मानावा.

शहरातील स्वतंत्र समुपदेशकांनी फीचे टप्पे व सवलतीच्या जागांची संख्या लेखी ठरवून दर्शनी भागी लावावी, म्हणजे गरजू माणसास हात पसरावा लागणार नाही. रुग्णांनी येणे शक्य नसल्यास आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे ती जागा दुसऱ्या गरजूच्या कामी येईल. उपचार घेताना समोरच्या व्यक्तीचे शिक्षण व नोंदणी विचारण्यात कमीपणा मानू नये. चिकित्सक मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. आणि ज्याला परवडते त्याने पूर्ण फी आनंदाने द्यावी. त्या फीत आपल्याच तालुक्यातील एखाद्या शेतमजुराच्या बैठकीचा वाटा असतो.

विहिरीचे पाणी सर्वांसाठी असते. परंतु विहिरीचा गाळ काढण्याचा खर्च गावाने उचलला, तरच ते उन्हाळ्यात मिळते. मनाच्या उपचारांचेही तसेच आहे. रुग्णाच्या अंगणापर्यंत तो पोहोचवणे आणि देणाऱ्याचा संसार सांभाळणे ही दोन्ही कामे एकत्र झाली, तर आरोग्य केंद्राच्या बाकावर पंधरा-पंधरा दिवसांनी येऊन बसणाऱ्या त्या व्यक्तीस शक्तीच्या गोळ्यांऐवजी तिचे म्हणणे ऐकून घेणारे माणूस भेटेल, आणि ते माणूस पुढच्या वर्षीही तेथेच असेल.